घोडेमाळाची राखण

आटपाडीकडचा घोडेमाळ बघायला जावं असं कुणाच्या मनात असेल तर आधीच सांगते, उगीच हाडं खिळखिळी करून घेऊ नका. बघण्यासारखं तिथं आता काही उरलेलं नाही. जे होतं ते मी पाहिलं आणि त्याचं जे झालं तेही पाहिलं. चिपळूणला परत आल्यापासून शाळेत, बाजारात, देवळात जो तो विचारतो, "मग बाई, कशी झाली ट्रिप?" ट्रिप म्हणे! एकेकाला उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून टाकते.

मी शाळेत इतिहास शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे सुट्टीत कुठं जायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. मला वेड वीरगळांचं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला दगड. त्यावर ओला कागद दाबायचा, वरून काजळीचा बोळा फिरवायचा, की दगडावरची नक्षी कागदावर उतरते. असे ठसे घेत मी बरीच गावं हिंडले आहे. माझी वहिनी म्हणते, लोक देव बघायला जातात आणि आमच्या वन्सं धोंडे बघायला जातात. म्हणू दे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. आटपाडीजवळच्या तरसवाडीत जुनी रणभूमी आणि तिच्याभोवतीचं गवताचं रान वाचवण्यासाठी श्रमदान चालू आहे, इच्छुकांनी यावे, भाकरीची सोय होईल. खाली एका निवृत्त सुभेदाराचं नाव. 'भाकरीची सोय होईल' एवढं वाचूनच मला तो माणूस आवडला. माघात रजा टाकली आणि निघाले.

कराडच्या पुढे

एसटीचं रडगाणं गात नाही. कुंभार्ली घाट चढला की आमचा ओलावा मागं राहतो, आणि कराडला दुतर्फा ऊस दिसायला लागतो. विट्याच्या गाडीत माझ्या शेजारी एक पाटलीण बसल्या होत्या. कृष्णाकाठची ऊसवाली, हातात ठसठशीत पाटल्या, थोरला मुलगा मिलिटरीत.

"कुठं निघालासा, बाई?"

"आटपाडीकडे. माळ बघायला."

"माळ?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी येरवड्याहून सुटून आले आहे. "आवं, माळ काय बगायचा? तितं कुत्रं बी उभं ऱ्हात न्हाई." मग थोडी कीव आली असावी. पिशवीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "हे खावा. आन् तिकडं कुनाकडं पानी मागू नगा. त्येंच्या जिवावर येतं, पर न्हाई म्हनत न्हाईत ती मानसं."

विटं मागं पडलं तसा ऊस संपला, मग ज्वारी संपली, मग नुसता पिवळा रंग उरला. आमच्या कोकणात रिकामी जागा म्हणून दिसत नाही. जिथं नजर टाकाल तिथं काहीतरी उगवलेलं असतं, शेवाळ नाहीतर निवडुंग. इथं इतकं आभाळ पाहून मला पहिल्यांदा तर गरगरलं.

तरसवाडी

फाट्यावर सुभेदार स्वतः उभे होते. सुभेदार धोंडिराम बाबर. गाव त्यांना तात्या म्हणतं. उंच, वाळकुडे, मिशा पांढऱ्या, आणि धोतरावर मिलिटरीचा जुना खाकी स्वेटर. त्यांनी मला खाडकन सॅल्यूट ठोकला. मी नमस्कार केला तर माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागले.

घरी त्यांच्या मंडळी, हौसाकाकू, चुलीपुढे बसल्या होत्या. पाण्याचा तांब्या माझ्या हातात देऊन त्यांनी लगेच मुद्द्याला हात घातला.

"मालक न्हाई आलं?"

"मालक नाहीच मुळी. लग्न केलं नाही मी."

काकूंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. "लय बरं केलंसा," त्या म्हणाल्या, आणि तात्यांसकट आम्ही सगळे हसलो.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं. हुलगे म्हणजे आमचे कुळीथ. आम्ही त्याचं पिठलं करतो, हे लोक भाजून, भरडून, गूळ घालून त्याची खीर करतात. मी वाटीभर प्याले, आणखी वाटीभर मागून घेतलं.

जेवताना तात्यांनी काय चाललंय ते सांगितलं. घोडेमाळ हे सरकारी गायरान. तालुक्याला नवा रस्ता होतोय आणि ठेकेदाराला माळावरचा मुरूम आणि दगड हवा आहे. माळ काढून दिला की खलास. तात्यांनी अर्ज केले, हेलपाटे घातले. शेवटी तहसीलदारानं एवढं कबूल केलं की जुन्या वास्तूंच्या खात्याचे साहेब येऊन माळ बघतील. ते म्हणाले ही जागा राखण्यासारखी आहे, तर ठेकेदाराला नकार. ते नाही म्हणाले, तर माळ गेला. साहेब येत्या आठवड्यात यायचे होते.

"तवर आमी राखन करतोय," तात्या म्हणाले. "गाड्या शिरू नयेत म्हनून चर खांदलाय. वणवा लागू नये म्हनून कडंनं जाळपट्टा काढलाय. समदं गाव येतं."

खरंच येत होतं. पेन्शनीतले दहा-बारा फौजी, शेतातलं काम उरकून येणाऱ्या बायका, वस्तीवरचे मेंढपाळ. कुणी कुणाला पैसा देत नव्हतं. तात्या शिट्टी वाजवायचे आणि माणसं कामाला लागायची. आमच्याकडे साध्या विहिरीतला गाळ काढायचा तर चार सभा होतात आणि पाचवीत भांडण. मला त्या गावाचा फार हेवा वाटला.

माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला माळावर नेलं. गावाबाहेर कोरडा ओढा आहे. तिथं येताच त्यांनी वहाणा काढून एका खडकावर ठेवल्या. आधीच पाच-सहा जोड तिथं पडलेले होते.

"हितनं म्होरं अनवानी," ते म्हणाले. "मानसं निजल्यात."

आम्ही देवळात चपला काढतो, पण देवळाला फरशी असते हो! इथं बाभळीचे काटे आणि कुसळं. तरी काढल्या. नाही कशी म्हणणार?

काय सांगू त्या माळाचं! गुडघ्याएवढं गवत, पिकल्या ज्वारीच्या रंगाचं, पार खिंडीपर्यंत. वारा आला की सगळं एका अंगाला कलायचं. चंडोल पायाजवळून उठून वर जायचे आणि तिथंच थांबून गात राहायचे. लांबवर एक मोठा पक्षी मान ताठ करून सावकाश चालला होता. मेंढरं घेऊन बसलेले म्हाळूबा म्हणून एक धनगर होते, ते हळूच म्हणाले, "माळढोक हाय. लय लाजरं. बोट दावू नगासा." मी हात मागं घेतला. माझ्या नऊवारीच्या काठाला इतकी कुसळं टोचली होती की ते लुगडं मी परत आल्यावर टाकून दिलं.

आणि त्या गवतात दगड. काही कोरीव, घोड्यावरचा वीर, वर चंद्र-सूर्य. बाकीचे नुसतेच रोवलेले, अनघड. मी मोजत मोजत निघाले आणि मोजायचं सोडून दिलं. ओढ्याच्या काठाला ते दाटीनं उभे होते. वर चढत जावं तसे विरळ होत गेले. खिंडीच्या तोंडाशी एकच दगड, एकटा.

लढाई कुणाची कुणाशी, हे गावात चार माणसं चार तऱ्हांनी सांगतात. त्यावर माझा विश्वास नाही. पण तात्यांनी मला ओढ्याकाठी उभं केलं आणि सांगायला लागले, तेव्हा मी गप्प ऐकत राहिले.

"हे बगा. हितं पानी व्हतं, म्हनून हितं गर्दी. ही मानसं पान्यावर अडून ऱ्हायली, सोडलं न्हाई. मग रेटा आला. मग एकेक पाऊल मागं, पर तोंड दुस्मनाकडंच. हितं चार पडलं, तितं दोन. आन् त्यो खिंडीतला शेवटचा. त्यो पडला आन् लढाई सपली. पुस्तकात कुठं लिवलेलं न्हाई. पर जो जितं पडला तितं त्येचा दगड हाय. चालत जावा, समदी लढाई पायाखाली येती."

वीस वर्षं इतिहास शिकवतेय मी. सनावळ्या घोकून घेतल्या, मुलांना छड्या मारल्या. अशी लढाई मला कधी दिसली नव्हती.

चढणीच्या मध्यावर, एका बोरीच्या झुडपाजवळ, तात्या थांबले. तिथं गुडघाभर उंचीचा एक दगड होता. कोरलेला नाही, काही नाही.

"ह्यो आमचा," ते म्हणाले. "आमच्या घरान्यातला. गरीब व्हता, कोराय पैसं कुठलं? पर हितंच पडला."

त्यांच्या घरातला जो मुलगा पलटणीत जातो तो निघताना या दगडाच्या बुडातली चिमूटभर माती पुरचुंडीत बांधून नेतो. परत आला की ती माती तिथंच परत टाकतो. तात्यांनी पासष्टच्या लढाईत नेली होती आणि परत आणून टाकली. थोरल्या भावानं त्याच्याही आधी नेली होती. तो ब्रह्मदेशात पडला.

"त्येची माती आली न्हाई. कुठं पडला त्ये बी कुनी सांगितलं न्हाई," तात्या म्हणाले. "आई मरंपातुर इचारायची, कुठल्या झाडाखाली, रं? काय सांगनार? म्हनून ह्यो माळ राखायचा, बाई. एकाची तरी जागा ठावं असावी."

मी दगडाला हात लावून नमस्कार केला.

दोन दिवस मी ठसे घेतले. ओढ्याकडचे कोरीव दगड आधी उरकावेत, मग सावकाश माळाचा नकाशा काढावा, असा बेत होता. घाई कसली? शेकडो वर्षं ते तिथंच उभे होते.

आटपाडी

तिसऱ्या दिवशी टाचेत बाभळीचा काटा मोडला. मी दुर्लक्ष केलं. पाय सुजून भोपळा झाला, अंगात ताप भरला. काकूंनी बिब्बा घातला, त्यानं भाजलं ते वेगळंच. शेवटी तात्यांनी बैलगाडी जोडून मला फाट्यावर आणलं आणि आटपाडीच्या गाडीत बसवलं. जाताना सांगत होते, "तुमी निवांत ऱ्हावा. साहेब यायच्या आत समदं झाक करून ठेवतो." मला वाटलं, चर पुरा करतील. तापात कोण विचारतंय?

डॉक्टरांनी टाच चिरली, इंजेक्शन दिलं आणि उभं राहायचं नाही म्हणून दटावलं. दवाखान्यात माझ्या खाटेशेजारी जतकडची एक बाई होती, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी. तिच्याकडे टँकर आला की सगळं गाव कसं धावतं ते तिनं मला हातवारे करून सांगितलं. आमच्याकडे पागोळ्यांचं पाणी गटारात जातं हे मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

ताप उतरला तशी मी डॉक्टरांचं न ऐकता निघाले. साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि तेव्हा मला तिथं असायचं होतं.

पुन्हा तरसवाडी

तात्या फाट्यावर होते. इतका खूश झालेला म्हातारा मी आयुष्यात पाहिला नाही. हाताला, मिशांना, स्वेटरला चुना लागलेला. गाडीतून मला घरी न नेता सरळ ओढ्याकडे आणलं.

"बाई, डोळं मिटा."

"तात्या, पाय ठणकतोय माझा. काय पोरखेळ आहे?"

"मिटा तर खरं."

मिटले. त्यांनी मला हात धरून ओढा ओलांडून नेलं. पायाला गवत लागेना. माती लागली, गुळगुळीत, चोपलेली.

"आता उगडा."

कर्म माझं! ओढ्यापासून खिंडीपर्यंत एक गवताची काडी नव्हती. सगळं रान साळून, बोरीबाभळी तोडून, खड्डे बुजवून, धुम्मसानं चोपून सपाट केलं होतं. वर पाणी शिंपडलं होतं. आणि त्या मैदानाच्या कडेला सगळे दगड उभे होते. तीन रांगांत. उंच मागं, बुटके पुढं, दोन दगडांत सारखं अंतर. प्रत्येकाला खाली गेरू आणि वर चुना. मिलिटरीच्या छावणीत रस्त्याकडेच्या दगडांना लावतात ना, अगदी तसा. कोरीव दगडांवरचे घोडे चुन्याखाली बुजले होते.

समोर सगळं गाव उभं. बायकांच्या हाताला फोड, म्हाताऱ्या फौजींची तोंडं पांढरी, आणि सगळे माझ्याकडे बघून हसतायत. आता बाई काय म्हणतात, म्हणून.

मी ओरडले. मला ओरडायला वेळ लागत नाही, सगळ्या चिपळूणला ठाऊक आहे. "तात्या, हे काय करून ठेवलंत? तुम्हीच सांगितलंत ना मला, जो जिथं पडला तिथं त्याचा दगड! मग हलवलेत कशाला? अहो, अक्कल कुठं गहाण टाकली होती?"

माणसांच्या तोंडावरचं हसू गेलं. तात्या गोंधळले, पण रागावले नाहीत. लहान मुलीला समजवावं तसे मला समजावू लागले.

"आवं, त्ये आमाला ठावंच हाय की! आमचं आमी कवा बी सांगू. पर साहेब म्हंजी इन्स्पेक्शन. इन्स्पेक्शनला इस्कटल्यालं कसं दावायचं? साहेब म्हनंल, ह्या गावानं आपलं वीर गवतात टाकून दिल्यात. घरी पावना येनार आसला की तुमी बी घर सारवता का न्हाई?"

हौसाकाकू मागून म्हणाल्या, "चार दीस कुनी शेताकडं गेलं न्हाई, बाई. लेकुरवाळ्या बाया राबल्या."

आम्हीसुद्धा शाळेत इन्स्पेक्टर यायचा म्हटलं की फुटके बाक लपवतो आणि ढ मुलांना घरी पाठवतो. पण ढ मुलं दुसऱ्या दिवशी परत येतात. मी लंगडत म्हाळूबांकडे गेले. ते मेंढरं घेऊन लांब उभे होते, कारण मेंढरांना तिथं खायला काही राहिलं नव्हतं.

"म्हाळूबा, तुम्ही तरी सांगायचं होतं!"

"मी बी वडलं की दगड," ते म्हणाले. "समदं गाव व्हतं. एकटा कसा मागं ऱ्हाऊ?"

बाजूला गवताचे भारे रचले होते. त्यात चंडोलांची किती घरटी गेली असतील, देव जाणे. माळढोक मला पुन्हा दिसला नाही.

एवढीच आशा होती की साहेब माझ्यासारखे नसतील. कुणीतरी ढोबळ माणूस येईल, चकचकीत रांगा बघून खूश होईल आणि सही ठोकून जाईल. देवाकडे मी काय काय मागितलं आहे आजवर, पण मूर्ख साहेब मागितला तो त्या एकाच दिवशी.

साहेब

साहेब मूर्ख नव्हते. पन्नाशीचे, शांत, दमलेले. जीपमधून उतरले तेव्हा फौजी छातीवर मेडलं लावून सावधान उभे होते. तात्यांनी "परेड, सलामी देगा" म्हणून असा आवाज दिला की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. ओढ्याशी वहाणा काढा म्हटल्यावर साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले. मला वाटलं, हा माणूस आपला आहे. खरंच होता, त्याचंच वाईट वाटतं.

ते रांगांसमोर आले आणि थांबले.

"सुभेदार, हे दगड इथंच होते?"

"न्हाई साहेब!" तात्यांची छाती फुगली. "समद्या माळावर इकडं तिकडं पडलं व्हतं. आमी रांगंत फॉलिन केलं."

साहेब खाली बसले, एका दगडावरचा चुना नखानं खरवडला, बोटांना लागलेला रुमालाला पुसला. मग त्यांनी विचारलं, नकाशा आहे? नाही. फोटो? गावात कॅमेरा कुणाकडे असणार! माझे ठसे मी पुढे केले. त्यांनी एकेक मन लावून पाहिला.

"सुंदर आहेत. पण हे कुठं होते ते यावरून कळत नाही, बाई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आमी सांगतो की साहेब," तात्या म्हणाले. "समद्यांस्नी ठावं हाय. ह्यो हितं व्हता, त्यो तितं..." त्यांनी हात लांब केला. समोर ते चोपलेलं मैदान. हात तसाच राहिला.

साहेब जीपच्या पायरीवर बसले आणि अगदी हळू आवाजात बोलले. "सुभेदार, तुम्ही फार कष्ट केलेत. पण मला कागदावर लिहायचं असतं की लढाई इथं झाली, आणि ती इथं झाली याचा पुरावा जागेवर आहे. आता जागेवर काही नाही. दगड मी वाचवू शकतो. ते तालुक्याला नेऊन नीट ठेवता येतील. माळ मी वाचवू शकत नाही."

तात्यांना ते कळायला वेळ लागला. सावधान उभे होते ते उभेच.

"म्हंजी दगडं तुमी नेनार, आन् माळ ठेकेदार नेनार?"

साहेबांनी मान खाली घातली.

"साहेब, चूक माजी हाय," तात्या म्हणाले. "आर्डर मी दिली. शिक्षा मला द्या की. माळाला कशापायी?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. पण पाणी येऊन काय उपयोग? त्यांनी चहाही घेतला नाही. जीप गेली. फौजी बराच वेळ रांगेत उभे राहिले, कारण त्यांना 'विश्राम' म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

निघायच्या आधी

त्या दुपारीच तात्यांनी पहार घेतली आणि आपला दगड रांगेतून उपटला. तो ओळखू आला, कारण त्याचा एक कोपरा उडालेला होता. चार जणांनी उचलला, चढणीवर नेला.

"हितं," तात्या म्हणाले. दगड टेकवला. "न्हाई, जरा वर." उचलला. "बोर कुठाय? बोरीच्या उगवतीला व्हता."

"बोर तोडली न्हवं, तात्या. बुडका बी काढला," एक फौजी म्हणाला. तोडणारा तोच होता. रडायला लागला.

तात्या चोपलेल्या जमिनीवर वाकून वाकून बघत हिंडले. पायानं चाचपलं. दोन ठिकाणी खणून पाहिलं, माती सगळी सारखीच. आसपासचे दगड असते तर त्यांच्यावरून अंदाज लागला असता, पण तेही उठलेले. मला विचारलं, "बाई, तुमी हात लावलावता त्या जागी. आठवतंय का वो?" मी आठवायचा इतका प्रयत्न केला! मला दगड आठवत होता, बोर आठवत होती, तात्यांचा चेहरा आठवत होता. जागा नाही आठवली.

शेवटी तिन्हीसांजेला त्यांनी तो दगड आहे तिथंच आडवा टाकला आणि घरी आले. काकूंनी भाकरी वाढली, त्यांनी ताट सरकवून दिलं. म्हाळूबा दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन जतच्या बाजूला निघून गेले. तिकडेही गवत नसणार.

पाय चिघळल्यामुळे मला आणखी दोन दिवस राहावं लागलं, नाहीतर मी केव्हाच पळाले असते. साहेबांची जीप तालुक्याला पोचली तशी बातमीही पोचली असणार. मी निघायच्या दिवशी सकाळीच मुरूम न्यायला पहिला ट्रॅक्टर आला. जमीन सपाट केलेली असल्यामुळे तो ओढ्यातून वर आला आणि सहज आत शिरला. चर गावकऱ्यांनीच बुजवला होता, साहेबांची जीप अडू नये म्हणून. ट्रॉलीत टिकाव-फावडी घेतलेली माणसं होती, त्यातली निम्मी तरसवाडीचीच. रोजगार मिळत होता, त्यांना मी दोष देणार नाही. ती तात्यांच्या नजरेला नजर देत नव्हती.

मी बैलगाडीत बसले होते. तात्या मला पोचवायला निघाले होते, ते उतरले आणि अनवाणी ट्रॅक्टरपुढं जाऊन हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हर तासगावकडचा, समजूतदार माणूस. त्यानं इंजिन बंद केलं.

"हितं नगं," तात्या म्हणाले. "हितं आमचं मानूस हाय. जरा पलीकडं घे."

"बरं, तात्या." त्यानं ट्रॅक्टर पलीकडे नेला. माणसं उतरली, टिकाव उचलले. तात्या तिथवर चालत गेले, जमिनीकडे पाहिलं, मागं वळून खिंडीकडे पाहिलं.

"हितं बी नगं. आनखी वर."

तो वर गेला. तात्या मागोमाग गेले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा खाली बघितलं, वाकून मातीला हात लावला.

"हितं बी नसंल बरं... आरं, थांब. थांब जरा."

ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. अजिबात चिडला नव्हता.

"तात्या, तुमी म्हनशीला तितं टिकाव लावत न्हाई," तो म्हणाला. "फकस्त जागा दावा."

तात्यांनी एकदा ओढ्याकडे पाहिलं, एकदा खिंडीकडे. मग ते बाजूला झाले.